पाम, सिंह, अस्वल : वाचकांचे महोत्सवी प्रश्न

इराणी दिग्दर्शक जाफर पनाही आणि आपल्या दिग्दर्शिका पायल कपाडिया यांच्यावर या स्तंभात लिहिल्यापासून इतकी पत्रं आली आहेत, की या वेळी दुसरा विषय घेणं शक्यच नव्हतं. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. सगळ्यांसाठी एकदाच सांगून ठेवते : फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक सुवर्ण पाम, इटलीतल्या व्हेनिसचं सुवर्ण सिंह, जर्मनीतल्या बर्लिनचं सुवर्ण अस्वल. पुढे हीच नावं वापरते.

ताई, २०२५ चा सुवर्ण पाम पनाहींच्या 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट'ला मिळाला. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात एकांचं ठाम म्हणणं आहे की हे पारितोषिक सिनेमाला नसून तुरुंगवासाला मिळालं. तुम्हाला काय वाटतं?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

पारितोषिक सिनेमालाच मिळालं, असं माझं मत आहे. सर, तुमच्या मित्रांना पनाहींच्या कारकिर्दीतली सालं एकापुढे एक मांडून दाखवा.

१९९५ साली त्यांचा पहिला चित्रपट 'द व्हाइट बलून' कानला गेला. पटकथा अब्बास किआरोस्तामींची. इराणी नववर्षाच्या दिवशी एका लहान मुलीला सोनेरी मासा हवा असतो आणि वाटेत तिची नोट हरवते, एवढीच गोष्ट. पदार्पणाच्या चित्रपटासाठी दिला जाणारा कॅमेरा द'ऑर त्याला मिळाला. १९९७ मध्ये 'द मिरर'ला स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवाचा सुवर्ण बिबट्या, २००० मध्ये 'द सर्कल'ला व्हेनिसचा सुवर्ण सिंह. त्यांच्यावरचा मोठा खटला आणि शिक्षा २०१० ची : सहा वर्षांची कैद, आणि वीस वर्षं चित्रपट करायला, पटकथा लिहायला, देशाबाहेर जायला बंदी. म्हणजे शिक्षा होण्याच्या दहा वर्षं आधीच युरोपातलं एक सर्वोच्च पारितोषिक त्यांच्या घरात होतं.

बंदीनंतर त्यांनी जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते तक्रार करत बसले नाहीत. हाती जेवढी जागा उरली, तेवढ्यातच सिनेमा कसा करायचा हे त्यांनी शोधलं. आधी स्वतःच्या घरात चित्रीकरण करून 'धिस इज नॉट अ फिल्म' केला. मग 'टॅक्सी'त स्वतः चालकाच्या जागेवर बसले आणि समोरच्या काचेजवळ लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यानं अख्खं तेहरान त्या गाडीत आणलं. २०१५ मध्ये त्याला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. त्यांना जाता येत नव्हतं, म्हणून चित्रपटात काम केलेली त्यांची छोटी भाची मंचावर गेली आणि रडू आल्यामुळे तिला धड बोलताही आलं नाही. जुलै २०२२ मध्ये त्यांना पुन्हा तुरुंगात टाकलं. उपोषण सुरू केल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये सुटका झाली. त्यानंतरचा हा चित्रपट, तोही सरकारी परवानगीशिवाय केलेला.

आता चित्रपटाबद्दल, कारण खरं उत्तर तिथंच आहे. एका गॅरेजवाल्याला रात्री एका गिऱ्हाइकाच्या कृत्रिम पायाचा करकर आवाज ऐकू येतो आणि त्याचं अंग गोठतं. तुरुंगात त्याचा छळ करणाऱ्या माणसाच्या पायाचा आवाज असाच होता. तो त्या माणसाला पळवतो, पण खात्री होईना, कारण चौकशी कायम डोळ्यांवर पट्टी बांधून झालेली. मग तो इतर कैद्यांना गाठतो. कुणी वासावरून ओळखू पाहतं, कुणी पायावरच्या जखमेच्या व्रणावरून हात फिरवून. लग्नाच्या पांढऱ्या पोशाखातली नवरीही त्या व्हॅनमध्ये येऊन बसते. कुणाचंच एकमत होत नाही : मारायचं, सोडायचं, आधी कबूल करून घ्यायचं? हे पाहताना मी दोनदा मोठ्यानं हसले आणि शेवटच्या दृश्यात खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. सिनेमा म्हणजे दिसणं, असं आपण धरून चालतो. इथं सगळा न्याय ऐकण्यावर, हुंगण्यावर, स्पर्शावर टांगलेला आहे. ही दिग्दर्शकाची कमाई आहे, कैद्याची नव्हे. मात्र तुरुंगातल्या माणसांच्या हकिगती इतक्या जवळून ऐकल्याशिवाय तो हे लिहू शकला नसता, हेही तितकंच खरं. त्यामुळे सिनेमा एका पारड्यात आणि तुरुंग दुसऱ्या पारड्यात, अशी वाटणी मला पटत नाही.

महोत्सव आणि राजकारण हे नातं नवं नाही. १९३८ साली व्हेनिसला मुसोलिनी चषक दिला गेला तो जर्मनीच्या 'ऑलिंपिया'ला आणि मुसोलिनीच्या मुलाच्या देखरेखीखाली झालेल्या एका इटालियन वैमानिकपटाला. फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका चिडले आणि फ्रान्सनं स्वतःचा महोत्सव काढायचं ठरवलं. तोच कान. उद्घाटन १ सप्टेंबर १९३९ ला व्हायचं होतं. त्याच दिवशी हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं, आणि पहिला पूर्ण महोत्सव व्हायला १९४६ उजाडलं.

तुमच्या गटाला आणखी दोन गोष्टी सांगा. कान, व्हेनिस, बर्लिन या तिन्ही ठिकाणचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारे दिग्दर्शक आजवर फक्त चार : क्लुझो, अँतोनिओनी, ऑल्टमन आणि आता पनाही. आणि हा पाम देणाऱ्या नऊ जणांच्या ज्युरीत, ज्युलिएट बिनोशच्या अध्यक्षतेखाली, आपल्या पायल कपाडियाही होत्या.

पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ मध्ये कानची ग्राँ प्री मिळाली तेव्हा मी पेढे वाटले. धाकटा भाऊ म्हणाला, 'दुसरा नंबर आलाय, पहिला अनोराचा. एवढं काय त्यात?' त्या दिवसापासून आमचं यावरून वाजतंय. निकाल लावा.
– एक वाचक, नाशिक

पेढे योग्यच होते. भाऊही चुकीचं बोलत नाही : ग्राँ प्री हे सुवर्ण पामनंतरचं पारितोषिक, आणि त्या वर्षीचा पाम 'अनोरा' या चित्रपटाला गेला. पण 'एवढं काय' याचं उत्तर आकड्यांतच आहे. २०२४ ला मुख्य स्पर्धेत बावीस चित्रपट होते आणि त्या बावीसांत भारतीय चित्रपट येण्याची वेळ तीस वर्षांनी आली होती. आधीचा शाजी करुण यांचा 'स्वहम्', १९९४ चा.

पारितोषिक ठरतं कसं, हे कळलं तर तुमचं भांडण थोडं निवळेल. ज्युरीत नऊ जण. त्या वर्षी अध्यक्ष ग्रेटा गर्विग, सोबत जपानचे कोरे-एदा, लेबननच्या नादीन लबाकी, फ्रान्सचा ओमार सी असे वेगवेगळ्या मातीतले लोक. ही माणसं रोज दोन-तीन चित्रपट पाहतात, मधूनमधून भेटून बोलतात आणि शेवटच्या दिवशी त्यांना बाहेरच्या जगापासून दूर नेऊन बसवतात. तिथं वाद होतात, मनधरण्या होतात, मतदान होतं. अध्यक्षांचं मत जड असतं, पण ते एकच असतं. शिवाय एका चित्रपटाला शक्यतो एकच पारितोषिक द्यायचं, असा नियम आहे. १९९१ मध्ये कोएन बंधूंच्या 'बार्टन फिंक'नं सुवर्ण पाम, दिग्दर्शन आणि अभिनय अशी तिन्ही नेली, त्यानंतर तो कडक झाला. त्यामुळे पामवर दोन चित्रपटांचा दावा असेल, तर एकाला पाम आणि दुसऱ्याला ग्राँ प्री, अशी तडजोडही होऊ शकते. अमुक चित्रपट दुसऱ्यापेक्षा इतक्या गुणांनी कमी, असा तक्ता तिथं मांडलेला नसतो. दुसरे नऊ जण बसले असते, तर निकाल वेगळा लागला असता. कुठल्याही वर्षाचा निकाल वाचताना आधी ज्युरीची नावं वाचावीत, अशी मी सवय लावून घेतली आहे.

एक जुनी गोष्टही भावाला सांगा. चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला १९४६ साली कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगायलाच हवं. पण त्या वर्षी ते अकरा चित्रपटांना विभागून दिलं होतं. युद्धानंतरचं पहिलं वर्ष, सगळ्या देशांना सोबत घ्यायचं होतं. त्या अकरांत रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' होता, डेव्हिड लीनचा 'ब्रीफ एन्काउंटर' होता. एवढ्या पंगतीत आपलं पान मांडलं गेलं, हा मान मोठाच. मात्र एकट्यानं मिळवलेली ग्राँ प्री त्याहून लहान आहे, असं मी म्हणणार नाही.

आणि मुळात तो चित्रपट! मुंबईवर इतकी माया असलेला आणि तरी मुंबईला एकाही गोष्टीची माफी न देणारा चित्रपट मी बऱ्याच काळात पाहिला नव्हता. दोघी मल्याळी नर्स आणि त्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी रत्नागिरीची पार्वती. बिल्डर तिला घराबाहेर काढतोय आणि नवऱ्याच्या पश्चात तिच्या हाती कागद एकही नाही. बावीस वर्षं राहूनही आपण तिथं राहत होतो याचा पुरावा नसणं, हे मुंबईत राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. छाया कदम यांनी ती बाई रडवेली केलेली नाही. रात्री बिल्डरच्या फलकावर दगड भिरकावताना ती आणि त्या दोघींतली प्रभा हसतात, ते हसू माझ्या मनातून जात नाही. पुढे ती कोकणात परतते आणि चित्रपटाचा श्वासच बदलतो. भाऊ आणि तुम्ही एकत्र बसून पुन्हा पाहा.

'दो आंखें बारह हाथ' आमच्या भागातल्या खुल्या तुरुंगावर बेतलेला आहे, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला परदेशात पारितोषिक मिळालं होतं म्हणतात. नक्की कुठलं?
– एक वाचक, आटपाडी

१९५८ च्या बर्लिन महोत्सवात खास पारितोषिक म्हणून रौप्य अस्वल. तुमचं स्वतंत्रपूर, औंध संस्थानानं कैद्यांवर विश्वास टाकून केलेला तो प्रयोग, गदिमांच्या लेखणीतून आणि व्ही. शांतारामांच्या कॅमेऱ्यातून थेट बर्लिनला पोचला. त्या वर्षी ज्युरीचे अध्यक्ष हॉलिवूडचे फ्रँक काप्रा होते, आणि सुवर्ण अस्वल मिळालं इंगमार बर्गमनच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'ला. आटपाडीच्या माळरानावरची गोष्ट आणि बर्गमन एकाच यादीत! हे तुमच्या भागातल्या शाळांत मुलांना सांगायला हवं.

याच प्रश्नाला जोडून लातूरहून एका विद्यार्थिनीनं विचारलंय की मराठी सिनेमाला पहिला परदेशी मान कधी मिळाला. उत्तर 'संत तुकाराम'. दामले-फत्तेलाल यांचा प्रभातचा चित्रपट, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. तो ज्या आवारात तयार झाला, ते पुण्यातलं प्रभात स्टुडिओचं आवार १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूटचं आवार आहे. पायल कपाडिया तिथंच शिकल्या. २०२४ मध्येच कानच्या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक मिळवणारे चिदानंद नाईकही तिथलेच. लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना त्या झाडांकडे मी आजही जरा थांबून पाहते.

दर मे महिन्यात बातमी येते : 'अमुक मराठी चित्रपटाची कानमध्ये निवड.' मग ते चित्रपट पारितोषिकांच्या यादीत का दिसत नाहीत?
– एक वाचक, डोंबिवली

कारण कान हे एकच दालन नाही. मुख्य स्पर्धा हे एक. 'अं सर्तें रिगार' हा अधिकृत निवडीचाच दुसरा विभाग, १९७८ पासूनचा. २०२४ मध्ये अनसूया सेनगुप्ता यांना अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते इथं. समीक्षकांचा 'क्रिटिक्स वीक' १९६२ पासून. 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' १९६९ पासून. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसमधल्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून गोदार, त्रुफो आणि मंडळींनी महोत्सव अर्ध्यावर बंद पाडला होता, त्यातून हा विभाग जन्मला. जुन्या चित्रपटांच्या दुरुस्त केलेल्या प्रतींसाठी 'कान क्लासिक्स' आहे. स्मिता पाटील यांचा 'मंथन' २०२४ मध्ये तिथं दाखवला गेला.

आणि या सगळ्यांखेरीज आहे बाजार. १९५९ पासून कानमध्ये चित्रपटांचा मोठा बाजार भरतो. तिथं निर्माता पैसे भरून पडदा भाड्यानं घेतो आणि खरेदीदारांना चित्रपट दाखवतो. राज्य सरकारच्या वतीनंही मराठी चित्रपट या बाजारात पाठवले गेले आहेत. त्यात कमीपणा काहीच नाही. वितरक भेटतात, सहनिर्माते मिळतात, नव्या निर्मात्याला जगाचा व्यवहार कळतो. पण ती निवड नव्हे. वर्तमानपत्रं दोन्हींना एकच शब्द वापरतात, आणि त्यामुळे ज्याची खरोखर निवड झाली त्याच्यावर अन्याय होतो. बातमी वाचलीत की एकच प्रश्न विचारा : कोणत्या विभागात? अधिकृत यादी महोत्सव स्वतः एप्रिलमध्ये जाहीर करतो, ती कुणालाही पाहता येते.

चित्रपट संपल्यावर कानला उभं राहून अमुक मिनिटं टाळ्या वाजल्या, असं वाचतो. त्यावरून पारितोषिकाचा अंदाज बांधता येतो का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

नाही. कलावंत सभागृहात हजर असतात, कॅमेरे त्यांच्यावर रोखलेले असतात, आणि पाहुणे पाहुण्यासारखे वागतात. ज्युरी ती मिनिटं मोजत नाही.

सत्यजित राय यांना सुवर्ण पाम कधीच मिळाला नाही, हे खरं का? मग असल्या पारितोषिकांना किती महत्त्व द्यायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

खरं आहे. १९५६ मध्ये 'पथेर पांचाली' कानच्या स्पर्धेत होता, पण पहिल्या खेळाला ज्युरीतले बरेच जण फिरकलेच नाहीत. काही समीक्षकांनी आग्रह धरला, चित्रपट पुन्हा दाखवायला लावला, आणि त्याला 'सर्वोत्तम मानवी दस्तऐवज' असं पारितोषिक मिळालं. सुवर्ण पाम त्या वर्षी समुद्रतळावरच्या एका माहितीपटाला गेला.

मला या प्रसंगात नेहमी ते समीक्षक महत्त्वाचे वाटतात. ज्युरीकडून निसटत असलेला चित्रपट पाहणाऱ्यांनी धरून ठेवला. १९६० मध्येही असंच झालं. अँतोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'ची कानच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक आणि समीक्षकांनी सह्या करून त्याच्या बाजूनं निवेदन काढलं. पाम गेला फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता'ला, पण ज्युरीचं पारितोषिक 'लाव्हेंतुरा'ला मिळालं. आणि आज चित्रपट शिकवताना दोन्ही दाखवले जातात.

राय यांचं म्हणाल, तर व्हेनिस आणि बर्लिननं त्यांना भरभरून दिलं. १९५७ मध्ये 'अपराजितो'ला सुवर्ण सिंह. बर्लिनला 'महानगर' आणि 'चारुलता'साठी १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षं दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल, १९७३ मध्ये 'अशनि संकेत'ला सुवर्ण अस्वल. बर्गमनलाही स्पर्धेतला सुवर्ण पाम कधी मिळाला नाही. १९९७ मध्ये, महोत्सवाच्या पन्नासाव्या पर्वात, कानला त्यांच्यासाठी 'पामांचा पाम' असं वेगळंच पारितोषिक काढावं लागलं.

महत्त्व किती द्यायचं? मी एवढं देते : नऊ जाणकार माणसांनी दहा-बारा दिवस सगळं पाहून एका चित्रपटाकडे बोट दाखवलं, तर तो मी पाहीन. आवडायलाच हवा, असं बंधन मात्र घेणार नाही. आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं गेलं नाही त्यालाही शोधेन. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या छोट्या सभागृहात आम्ही मंडळी जमायचो, तेव्हा खेळ संपल्यावर बाहेर फुटपाथवर दोन तास वाद चालायचा. कुणाला कोणतं पारितोषिक मिळालंय, हे त्या वादात कधीतरी शेवटी निघायचं.

मराठी चित्रपटांना बाहेर मान मिळतो, पण आमच्या गावात ते लागतच नाहीत. कौतुक फक्त वाचायचं का?
– एक वाचक, बार्शी

तुमचा राग रास्त आहे, आणि मलाही तो दरवेळी येतो. गेल्या काही वर्षांतलीच नावं घ्या. २०१४ मध्ये अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला बर्लिनच्या मुलांच्या विभागात स्फटिक अस्वल मिळालं. ते पारितोषिक मोठी माणसं देत नाहीत, मुलांची ज्युरी देते. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या मुलाचं एकटेपण जर्मन मुलांना कळलं, यापेक्षा मोठी पावती मला सुचत नाही. त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'नं व्हेनिसला ओरिझाँती या नव्या प्रवाहांच्या विभागातलं सर्वोत्तम चित्रपटाचं आणि पदार्पणाचं, अशी दोन पारितोषिकं घेतली. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार २०२१ मध्ये कोविडनं गेले. गाण्यावरून खटला भरलेला तो शाहीर आणि दुपारभर तारखा देत बसलेलं ते कोर्ट, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी आधी ते पाहा. २०२० मध्ये ताम्हाणे यांचाच 'द डिसायपल' व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. तिथं भारतीय चित्रपट 'मॉन्सून वेडिंग'नंतर, म्हणजे २००१ नंतर, पहिल्यांदाच पोचला होता. त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं, शिवाय समीक्षकांचंही. आणि जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'नं अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. वडिलांच्या दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालपणीचा मित्र, दोन पुरुषांमधलं हळुवार प्रेम, आणि सगळं आपल्या गावाकडच्या बोलीत.

यातला एकही चित्रपट परदेशी लोकांना खूश करायला केलेला नाही. तरी ते आपल्याच जिल्ह्यांत पोचत नाहीत, कारण एकपडदा चित्रपटगृहं बंद पडली आणि मल्टिप्लेक्समध्ये लहान चित्रपटाला दुपारचा एखादा खेळ मिळतो, तोही पहिल्या आठवड्यापुरता. 'साबर बोंडं' सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा मी ओळखीच्या सगळ्यांना एकच सांगत होते : पहिल्या शुक्रवार-शनिवारी जा, सोमवारची वाट पाहू नका.

बार्शीसारख्या गावात एक उपाय नक्की चालतो, तो म्हणजे फिल्म सोसायटी. तिची देशपातळीवरची संघटना, फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज, १९५९ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष सत्यजित राय होते. पंचवीस-तीस सभासद, महाविद्यालयाचं एक सभागृह, बरा प्रोजेक्टर आणि निर्मात्याची रीतसर परवानगी, एवढ्यावर सुरुवात होते. परवानगी मागायला संकोच करू नका. गावात दाखवतो म्हटल्यावर निर्माते आनंदानं हो म्हणतात, दिग्दर्शक स्वतः गप्पा मारायला आल्याचंही मी पाहिलंय. एक मात्र पाळा : चित्रपटाआधी भाषणं नकोत, आणि नंतर अर्धा तास बोलण्यासाठी नक्की ठेवा.

मी दरवर्षी गोव्यात इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जाते. कान-व्हेनिसचे विजेते असले की रांगा इतक्या लांब, की निम्मा दिवस तिथंच जातो. निवड कशी करावी?
– एक वाचक, मडगाव

तुमच्या दारात २००४ पासून हा महोत्सव आहे, याचा मला हेवा वाटतो. पहिला इफ्फी १९५२ मध्ये मुंबईत झाला. तिथं डी सिकाचा 'बायसिकल थीव्हज' पाहून बिमल रॉय हलून गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा 'दो बिघा जमीन' आला. त्या चित्रपटाला १९५४ मध्ये कानला पारितोषिक मिळालं. महोत्सवातला एक खेळ काय करू शकतो, याचं हे आपल्या घरचं उदाहरण.

आता तुमच्या रांगेचं. सुवर्ण पामच्या विजेत्यासाठी जीव काढू नका, तो पुढच्या काही महिन्यांत पडद्यावर किंवा घरी कुठंतरी दिसतोच. जे पुन्हा दिसणार नाहीत त्यांना वेळ द्या. कॅटलॉगमध्ये दिग्दर्शकाचा पहिला किंवा दुसरा चित्रपट असलेली पानं आधी दुमडून ठेवा. तुम्ही ज्या देशाचा एकही सिनेमा पाहिलेला नाही, त्याला रोज एक जागा ठेवा. जुन्या चित्रपटांची दुरुस्त केलेली प्रत मोठ्या पडद्यावर असेल, तर ती कधीही सोडू नका. तिथं रांग नसते आणि प्रत अनेकदा अप्रतिम असते. दिवसाला चारपेक्षा जास्त नकोत. चौथ्यानंतर डोळे पाहतात पण मन नोंद घेत नाही. पहिली वीस मिनिटं पकड नाही घेतली तरी उठू नका, संथ चित्रपटांना तेवढा वेळ लागतोच. चाळीस मिनिटांनंतर मात्र खुशाल उठा आणि शेजारच्या पडद्यावर जा.

आणि रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्यांना विचारत राहा, आज काय पाहिलंत. कॅटलॉगमधल्या चार ओळींपेक्षा ते उत्तर मला जास्त उपयोगी पडत आलंय. शिवाय जानेवारीत पुण्याला पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो. पणजीत हुकलेले बरेच चित्रपट तिथं मिळतात, तेव्हा या.